पडद्यावरचा प्रलय आणि पाहणाऱ्याचे मन

महानगरे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळतात, समुद्र हिमालयाची शिखरे ओलांडून जातो, धरणी दुभंगते आणि तिच्या भेगेपुढे चार अंगुळे राहून नायकाची मोटार धावत सुटते. हे सर्व पाहणारा प्रेक्षक मात्र हसतो, शिट्टी वाजवतो आणि पुढचा मनोरा केव्हा पडेल याची वाट पाहतो. ‘प्रलयपट’ म्हणता येईल अशा चित्रपटांच्या बाबतीत हा अनुभव जगभर सारखाच येतो. संकट जितके अशक्य, तितकी गर्दी अधिक.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावातही हे चित्रपट अनोळखी राहिलेले नाहीत. हिंदीत बोलणारे अमेरिकन नायक दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून घरोघर पोहोचले आहेत. एकत्र कुटुंबात असा चित्रपट सुरू असला की एकाच खोलीत दोन प्रकारचे प्रेक्षक बसलेले असतात. नातवंडांना मोटारीच्या उड्या दिसतात. ज्यांना १९९३ सालची सप्टेंबरअखेर आठवते, त्यांची नजर पडणाऱ्या छतावर थांबते. वैरागपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि त्या पहाटेचा हादरा सोलापूर जिल्ह्यातील गावोगावी जाणवला होता. एकच दृश्य एकाला करमणूक वाटते आणि दुसऱ्याला आठवण वाटते.

म्हणून प्रश्न उभा राहतो. संहाराच्या दृश्यात मन का रमते? ते रमणे दोषास्पद आहे का? आणि खरे संकट दाराशी आले असता या प्रेक्षकाचे काय होते?

प्रेक्षक जुनाच आहे

पडणाऱ्या वस्तूकडे डोळे विस्फारून पाहण्याची हौस चित्रपटाइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला. त्या दिवशीच्या मोजक्या चित्रांत स्थानकात येणारी आगगाडी होती, आणि एक भिंत पाडण्याचे दृश्यही होते. भिंत पडते, धूळ उठते, एवढाच त्याचा विषय. ती आगगाडी पाहून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही कथा पुष्कळ सांगितली जाते. परंतु चित्रपटाचे इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. लोक दचकले असतील, पण पडद्यावरची गाडी अंगावर येणार नाही हे त्यांनाही कळत असावे. दचकणे आणि सुरक्षित असणे या दोहोंचा एकाच क्षणी अनुभव घेण्यासाठीच तर तिकीट काढले जाते.

महाराष्ट्रात ही हौस पौराणिक वेषाने आली. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ १९१७ साली प्रदर्शित झाला. जळती लंका आणि उड्डाण करणारा हनुमान पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीच्या कथा आजही सांगितल्या जातात. पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असेही नमूद आहे. म्हणजे जो प्रेक्षक आगीच्या दृश्याने थरारत होता, तोच दुसऱ्या क्षणी हात जोडीत होता. पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की ते पाहून काहींना भोवळ आली आणि अखेर ते दृश्य गाळावे लागले. अतिरंजित आगीला टाळ्या मिळाल्या. खऱ्यासारखा दिसणारा एक वध मात्र सोसवला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या या दोन प्रतिक्रियांत आजच्या प्रेक्षकाचे संपूर्ण मन दडलेले आहे.

व्यापारी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा चित्रपट म्हणजे १९६५ सालचा ‘वक्त’. यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात बलराज साहनी यांनी लाला केदारनाथ हा सुकामेव्याचा संपन्न व्यापारी रंगवला आहे. भरल्या घरात, भरल्या दुकानात तो तीन मुलांच्या भवितव्याचे बेत मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि त्याच रात्री भूकंप होऊन सारे कुटुंब विखुरते. भूकंपाचे दृश्य काही मिनिटांचेच. उरलेला सारा चित्रपट त्या काही मिनिटांनंतर काय झाले, याची गोष्ट सांगतो. आजच्या प्रलयपटाशी तुलना केली की हा फरक ठळकपणे जाणवतो. तेथे संहार हेच मुख्य पक्वान्न असते आणि माणसांची सुखदुःखे तोंडी लावण्यापुरती वाढलेली असतात.

अमेरिकेत १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा चित्रपट आला, तेव्हा चित्रगृहात मुद्दाम मोठाले ध्वनिक्षेपक बसवून खालच्या पट्टीतील घुमणाऱ्या आवाजाने आसनेच थरथरवण्याची योजना करण्यात आली होती. प्रेक्षकाला केवळ पाहणे पुरेसे वाटेनासे झाले. आपणही त्या संकटात आहोत असे त्याला वाटायला हवे होते, आणि खेळ संपल्यावर धडधाकट घरीही जायचे होते.

शंभर कोटींचे तिकीट

या प्रकारचा कळस म्हणता येईल असा चित्रपट म्हणजे रोलंड एमरिक यांचा ‘२०१२’. नोव्हेंबर २००९ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि हिंदीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतरित होऊन आपल्याकडे उत्तम चालला. कथेचा आरंभच भारतात होतो. एका खोल तांब्याच्या खाणीत काम करणारा भारतीय शास्त्रज्ञ पृथ्वीचे अंतरंग तापू लागल्याचे प्रथम ओळखतो. पुढे लॉस एंजेलिस शहर समुद्रात घसरते, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानावर विमानवाहू जहाज येऊन आदळते आणि महासागराची लाट हिमालय ओलांडू पाहते. मोजक्या लोकांना वाचवण्यासाठी चीनमध्ये प्रचंड नौका बांधलेल्या असतात. त्यांतील एका जागेचा दर शंभर कोटी युरो. ज्या भारतीय शास्त्रज्ञाने संकट सर्वांत आधी ओळखले, त्याला न्यायला येणारे विमान येतच नाही. पत्नी आणि मुलासह तो लाटेत नाहीसा होतो.

हा चित्रपट पाहताना प्रेक्षक कोठे काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. शहर घसरते तेव्हा तो थक्क होतो. पडणाऱ्या दोन इमारतींच्या फटीतून विमान तिसऱ्यांदा निसटते तेव्हा तो हसतो. भारतीय शास्त्रज्ञ मुलाला कवटाळून उभा राहतो तेव्हा आपल्याकडील चित्रगृह शांत होते. आणि पाळीव कुत्रे तारेवरून धावत नौकेवर पोहोचते तेव्हा टाळी पडते. याच दिग्दर्शकाच्या १९९६ सालच्या ‘इंडिपेन्डन्स डे’ या चित्रपटातही अग्निलोळातून उडी मारून वाचणाऱ्या कुत्र्यानेच सर्वाधिक टाळ्या मिळवल्या होत्या. बोगद्यात अडकून जळालेल्या शेकडो माणसांची मात्र कोणी दखल घेतली नाही.

यात प्रेक्षकाची क्रूरता शोधण्याचे कारण नाही. हास्य येते ते मृत्यूचे नव्हे, अतिशयोक्तीचे. संकट इतके अवाढव्य आणि सुटका इतकी अशक्य, की आपण खोटे पाहत आहोत याची मनाला खात्री पटते, आणि आवळून धरलेला श्वास हास्यरूपाने बाहेर पडतो. टाळी पडते ती एका ओळखीच्या जिवाच्या सुटकेसाठी. पॉल स्लोविक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की माणसाचे मन एका जिवासाठी कळवळते, पण आकडा वाढत गेला की तितक्या प्रमाणात कळवळा वाढत नाही. उलट तो बोथट होऊ लागतो. कुत्र्याला चेहरा असतो, नाव असते. बुडालेल्या कोट्यवधींना दिग्दर्शकाने चेहराच दिलेला नसतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसांच्या जन्माचा एक क्रम सांगितला आहे. शृंगारातून हास्य, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक आणि रौद्रातून करुण रस उत्पन्न होतो, असे ते म्हणतात. रौद्र कर्माचे फळ म्हणजे शोक, हा त्यामागील विचार. या कसोटीवर प्रलयपट घासून पाहिला की त्याचे वैगुण्य उमगते. तो रौद्रावर थांबतो. रौद्रातून अद्भुताकडे वळतो, हास्याकडे वळतो; ज्या करुणेकडे त्याने जावयाचे, तेथे जाण्याइतकी त्याला उसंत नसते. एक शहर पडले की दुसरे पाडावयाचे असते.

मात्र अशा चित्रपटांचा परिणाम अगदीच पोकळ असतो असेही नाही. एमरिक यांच्याच २००४ सालच्या ‘द डे आफ्टर टुमॉरो’ या चित्रपटात हवामान बदलून काही दिवसांत न्यूयॉर्क शहर गोठते. शास्त्रज्ञांनी त्यातील घाईची थट्टा केली. परंतु अमेरिकेत झालेल्या पाहणीत, हा चित्रपट पाहिलेल्या लोकांना हवामानबदलाची चिंता इतरांपेक्षा अधिक वाटत असल्याचे आढळले. ब्रिटनमधील एका अभ्यासात मात्र दुसरी बाजूही दिसली. प्रेक्षकांची चिंता वाढली, पण असे टोकाचे काही प्रत्यक्ष घडेल यावरचा विश्वास कमी झाला. ‘२०१२’च्या वेळी तर काही लोक, विशेषतः कोवळ्या वयाची मुले, खरोखरच घाबरली. जगबुडीविषयी विचारणा करणारी इतकी पत्रे आली की नासा या अमेरिकन अवकाश संस्थेला त्या वर्षी जग बुडणार नाही, असा जाहीर खुलासा करावा लागला. जे वडीलधाऱ्यांना हास्यास्पद वाटते, ते दहा वर्षांच्या मुलाला रात्री झोपू देत नाही, ही गोष्ट घरातील मोठ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३ वाजून ५६ मिनिटे

आता पडदा बाजूला सारून किल्लारीकडे वळावे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दशलक्षण पर्वाचीही त्याच चतुर्दशीला सांगता झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. हादऱ्याचा कालावधी सेकंदांत मोजावा इतकाच. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवशी जगभर पोहोचली. दख्खनचे पठार तोवर देशातील सर्वांत सुरक्षित भूप्रदेशांत गणले जात होते. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला असे. किल्लारीच्या परिसरात आदल्या वर्षी लहान धक्के जाणवले होते, लोक भयभीतही झाले होते; पण धक्के थांबले आणि दिनक्रम पूर्ववत सुरू झाला.

या संकटात पडद्यावरचे काहीच नव्हते. उंच मनोरे नव्हते, धावणारी मोटार नव्हती, नायक नव्हता. अंधार होता आणि धूळ होती. माणसे झोपेत गेली. आणि मारणारी धरणी नव्हती. मारणारे घर होते. या भागातील जुने घर म्हणजे दगड आणि माती यांच्या दोन-तीन फूट जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर पेललेले माळवद. माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचे थर वर्षानुवर्षे चढवले जात. उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेलेले ते ओझे त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आले. कुडाच्या, पत्र्याच्या, गवताने शाकारलेल्या हलक्या निवाऱ्यांतील माणसे तुलनेने वाचली. ज्याचे घर भक्कम, त्याला धोका अधिक, असा तो विपरीत न्याय होता.

किल्लारीच्या दिशेने पाहणाऱ्या वैराग, बार्शी, धाराशिव या पट्ट्यातील जुने वाडेही याच पद्धतीचे. त्यामुळे भूकंपानंतर माळवदाखाली झोपण्याची धास्ती केवळ लातूरपुरती राहिली नाही. लोक अंगणात, रस्त्यावर, पत्र्याच्या आडोशाला झोपू लागले. नवी घरे बांधून मिळाल्यावरही किल्लारी परिसरातील कित्येकांनी दीर्घकाळ पत्र्याच्या शेडमध्येच पाठ टेकली. पडद्यावरचा प्रलय दोन-अडीच तासांत संपतो. भिंतीवरचा विश्वास परत येण्यास वर्षे लागतात.

त्या दिवसांतील आणखी एक गोष्ट या विषयाशी थेट जोडलेली आहे. किल्लारीकडे मदत घेऊन जाणाऱ्यांची जशी रीघ लागली, तशी नुसते पाहावयास जाणाऱ्यांचीही लागली. गाड्यांनी रस्ते अडले, पावसाने चिखल झाला आणि मदतकार्याला अडथळा होऊ लागला. ज्या कुतूहलाने माणूस तिकीट काढून पडणारी इमारत पाहतो, तेच कुतूहल तेथे खऱ्या ढिगाऱ्यापर्यंत पोहोचले होते. चित्रगृहात निरुपद्रवी असणारा प्रेक्षक तेथे उपद्रवी ठरला. संकट खरे असते तेव्हा नुसते पाहणाराही कोणाची तरी वाट अडवून उभा असतो, हे किल्लारीच्या रस्त्यांनी दाखवून दिले.

जेथे चित्रपट संपतो

प्रलयपटाच्या अखेरीस पाणी ओसरते, सूर्य उगवतो, विभक्त झालेले पती-पत्नी एकत्र येतात आणि नावांची यादी सुरू होते. मृतांची ओळख पटवणे, जखमींना सोलापूर-लातूरच्या रुग्णालयांत हलवणे, गुरांचा चारा, सातबाऱ्याची नक्कल, कोणाचे मूल कोणाजवळ राहील याचा निर्णय, यांपैकी काहीही पडद्यावर येत नाही. किल्लारीचे खरे काम मात्र येथून सुरू झाले.

या कामातील एक प्रकरण जैन समाजाने विशेष जपावे असे आहे. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने, तिचे संस्थापक श्री. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. आरंभी तात्पुरत्या व्यवस्थेत असलेला हा प्रकल्प पुढे वाघोली येथे स्थिरावला. ब्लँकेट आणि धान्याची मदत अनेकांनी केली, आणि ती आवश्यकच होती. परंतु बाराशे मुलांना शिकवून मोठे करावयाचे म्हणजे ते एका दिवसाचे दान नव्हे. ती अनेक वर्षांची बांधिलकी होती. ही मुले कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हा प्रश्न तेथे गौण ठरला. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच संघटनेने अल्पावधीत शेकडो शाळा उभारल्या. किल्लारीने शिकवलेले तेथे कामी आले.

भरतमुनींच्या भाषेत बोलावयाचे तर रौद्रातून करुण उत्पन्न झाला, आणि करुणेने कामाचे रूप घेतले. पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकात आणि या कार्यकर्त्यांत जन्मतः काही भेद नव्हता. त्यांनीही भूकंपाची पहिली दृश्ये वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवरच पाहिली असतील. भेद पडला तो पाहिल्यानंतर.

पिठाचा कोंबडा

जैन घरांतील वडीलधारी माणसे कधी कधी एक आक्षेप घेतात. खोटा का असेना, पण संहार पाहून आनंद मानणे हे बरे नव्हे. हा आक्षेप जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. तत्त्वार्थसूत्रात चार ध्यानांपैकी रौद्रध्यानाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पहिला हिंसेशी निगडित आहे. हिंसेत मनाने रंगून जाणे म्हणजे हिंसानंद. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही वाटांनी कर्म बांधले जाते, हेही घरोघरी ठाऊक आहे. टाळी हे अनुमोदन नव्हे का?

या प्रश्नाचा विचार जैन कथाकारांनी चित्रपटाच्या हजार वर्षे आधी केलेला आहे. यशोधर राजाची कथा दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलकचंपू’मध्ये सांगितली. त्याच शतकात पुष्पदंत कवींनी मान्यखेट नगरीत, म्हणजे सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आजच्या मळखेड येथे, ‘जसहरचरिउ’मध्ये ती अपभ्रंश भाषेत गुंफली. अशुभ टळावे म्हणून मातेने पशुबळीचा आग्रह धरला. राजाने जीवहत्या नाकारली, पण आईचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही पशुपक्ष्यांच्या योनींत जन्मोजन्मी भटकावे लागले. पडद्यावरचे शहर हेही एका अर्थी पिठाचेच; संगणकावर मळलेले.

तरी दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. यशोधराच्या हातून मारण्याचा संकल्प झाला होता. प्रेक्षकाचा संकल्प कोणता, हे त्याचे त्यालाच ठाऊक. इमारत पडताना त्याच्या मनात ‘आणखी पडू दे’ असे येत असेल, तर वडीलधाऱ्यांची शंका योग्य आहे. ‘ते मूल वाचू दे’ असे येत असेल, तर तेच दृश्य अनित्य आणि अशरण भावनांचा पाठ देऊन जाते. धन, मनोरे, सैन्य, सत्ता यांपैकी काहीही शरण देऊ शकत नाही, हे प्रलयपट नकळत सांगतोच. फक्त शंभर कोटींच्या तिकिटाची सोय ठेवून तो आपले म्हणणे अर्धवट सोडतो.

प्रलयाच्या कल्पनेचे जैन परंपरेला वावडे नाही. तिलोयपण्णत्ती, त्रिलोकसार यांसारख्या दिगंबर ग्रंथांत अवसर्पिणीच्या सहाव्या काळाअखेर होणाऱ्या प्रलयाचे वर्णन आहे. सात प्रकारच्या विनाशक वृष्टी, प्रत्येकी सात दिवस, असे एकूण ४९ दिवस. एमरिक यांनी वाचले तर हेवा वाटावा असे ते चित्र आहे. मात्र काळाचा हिशेब व्यापाऱ्याला शोभेल इतका चोख आहे. सध्याचा पाचवा काळ २१ हजार वर्षांचा. त्यातील अठरा हजारांहून अधिक वर्षे अद्याप शिल्लक आहेत, आणि सहावा काळ त्यानंतरचा. २०१२ साली जग बुडणार अशी आवई उठली तेव्हा हा हिशेब जाणणाऱ्यांना दिनदर्शिका तपासण्याची गरज पडली नाही.

या वर्णनात नौकेचे तिकीट नाही. देव आणि विद्याधर दयाबुद्धीने मनुष्यांची आणि तिर्यंचांची काही युगले उचलून विजयार्ध पर्वताच्या गुहांत आणि गंगा-सिंधूच्या काठी सुरक्षित ठेवतात. वाचवले जाणे ऐपतीवर अवलंबून नसते, आणि वाचवले जाणारे केवळ मनुष्य नसतात. त्यानंतर पुन्हा ४९ दिवस शीतल जलाच्या, दुधाच्या, अमृताच्या सुखद वृष्टी होतात, भूमी शांत होते आणि गुहांत राहिलेले जीव बाहेर येतात. या सुखद वृष्टींचा आरंभ पूर्णिमान्त गणनेच्या श्रावण कृष्ण प्रतिपदेला मानला जातो. तेथून ४९ दिवस मोजले की भाद्रपद शुक्ल पंचमी येते. दशलक्षण पर्व त्या दिवशी का सुरू होते, याचे हेच कारण परंपरेने सांगितले जाते. प्रलयाच्या दिवसाला परंपरेने पर्व मानले नाही. जीव गुहेबाहेर आले, त्या दिवसाला मानले. पर्वाचे दहा दिवस क्षमा, मार्दव, आर्जव अशा धर्मांनी मोजले जातात, म्हणजे उद्ध्वस्त जगात पुन्हा एकत्र राहण्यासाठी जे लागेल त्याच धर्मांनी.

घरातील प्रेक्षकांसाठी

प्रलयपट घरात पाहू द्यावेत की नाहीत, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. बंदीने कुतूहल वाढते, हा अनुभव नवा नाही. २०२० साली महामारी आली तेव्हा ‘कन्टेजन’ हा साथीच्या रोगावरील २०११ सालचा जुना चित्रपट लोकांनी जगभर शोधून शोधून पाहिला. त्या काळात अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, जगाच्या अंताविषयीचे आणि तत्सम चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांनी आपण अशा प्रसंगासाठी अधिक तयार होतो असे सांगितल्याचे आढळले. भीतीचा सराव मनाला होत असावा. पण सरावाचा विषय चुकीचा असेल तर उपयोग थोडा. वैरागच्या घराला महासागराच्या लाटेचे भय नाही. तेथे भय आहे ते जुन्या माळवदाचे, सुटलेल्या दगडांचे, पावसाळ्यात फुगलेल्या भिंतीचे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर छताला टेकेपर्यंत रचलेल्या पोत्यांचे.

चित्रपट संपल्यावर मुलांशी पाच मिनिटे बोलणे फार मोलाचे ठरते. यातील खरे कोणते आणि खोटे कोणते? वाचलेल्यांनी दुसऱ्या दिवशी काय खाल्ले असेल? ज्यांचे आईवडील गेले त्या मुलांना कोणी सांभाळले असेल? चित्रपटाने न विचारलेले हे प्रश्न घराने विचारावेत. किल्लारीचे साल, अंतर आणि कारण नव्या पिढीला ठाऊक नसते, कारण ज्यांनी ते दिवस पाहिले ते त्याविषयी सहसा बोलत नाहीत. त्यांनी थोडे बोलावे. वाघोलीच्या मुलांची गोष्टही त्याच ओघात सांगितली जावी.

आणि एक साधे, हातचे काम आहे. किल्लारीनंतर अभियंत्यांनी जुन्या घरांसाठी जे उपाय सुचवले, ते आजही तितकेच लागू आहेत. माळवदावरील मातीचे जादा थर उतरवून भार हलका करावा. दगडी भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड किंवा काँक्रीटच्या बांधण्या घालून घ्याव्यात. भिंतींना चहूबाजूंनी धरून ठेवणारा सळईचा पट्टा जाणकार अभियंत्याकडून करवून घ्यावा. गोदामात माल रचताना निजण्या-बसण्याची आणि बाहेर पडण्याची जागा मोकळी ठेवावी. बॅटरी कोठे आहे, हे घरातील लहानाला अंधारातही सापडावे. वर्षप्रतिपदेला घराची रंगरंगोटी होते, दिवाळीला दुकानाच्या वह्या बदलतात. त्याच सुमारास एखाद्या सकाळी माळवदावर चढून मातीचा थर किती जाड झाला आहे हे पाहावयास फारसा वेळ लागणार नाही.